पोट आवरलं, जीभ राहिली

परवा रात्री पावणेबारा वाजता मी अंधारात फ्रिजसमोर उभी राहून श्रीखंड खात होते. वाटीत घेऊन नाही, थेट डब्यातून. चमचा काढला तर भांड्यांचा आवाज होईल म्हणून बोटाने. वय वर्षं ४७, स्वतः कमावते, घरात कोणाला घाबरत नाही, आणि श्रीखंडही मीच आणलेलं. तरी चोरून!

नवरा पाणी प्यायला उठला होता. त्याने बघितलं. काही बोलला नाही. बाटली भरून घेतली आणि झोपायला गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय. पण लिहायचं तर आधी एक कबुलीजबाब द्यावा लागेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये माझं ऑपरेशन झालं, तेव्हा नातेवाइकांना आम्ही ‘पित्ताशयाचे खडे’ असं सांगितलं होतं. आत्या, काकू, सातारकर मंडळी, माफ करा. ते वजनाचं ऑपरेशन होतं. (गंमत म्हणजे वजन फार वेगाने उतरलं की पित्ताशयात खरोखरच खडे होऊ शकतात. म्हणजे थाप अगदीच हवेतली नव्हती. :-) )

खोटं का बोलले? कारण काय ऐकावं लागेल ते पाठ होतं. ‘पोट कापून घेण्यापेक्षा तोंड बंद ठेवायचं ना!’ तेव्हा माझं वजन ११२ किलो होतं आणि उंची पाच फूट दोन इंच. शुगरच्या गोळ्या, ब्लडप्रेशरची गोळी, रात्री घोरताना मध्येच श्वास अडकायचा, आणि गुडघ्यांबद्दल तर बोलायलाच नको. तोंड बंद ठेवायचे प्रयोग मी वीस वर्षं केले होते. कोबीचं सूप झालं, मध-लिंबू झालं, जिमची वर्षाची फी भरून तीन आठवडे जाणं झालं. दर वेळी आठ-दहा किलो उतरायचे आणि व्याजासकट परत यायचे.

माझं ऑपरेशन ‘स्लीव्ह’ प्रकारचं. यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याएवढी एक नळी ठेवतात. नुसतं पोट लहान होतं असं नाही. जो भाग काढतात त्यातच ‘घ्रेलिन’ नावाचं भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. त्यामुळे सुरुवातीला भूकच पळते. पहिले पाच-सहा महिने मी घड्याळ लावून जेवत होते. अर्धी वाटी मुगाचं वरण घ्यायला अर्धा तास लागायचा. त्या दिवाळीत फराळाचं ताट समोर आलं, आणि मला त्यात काही म्हणजे काही दिसेना. चकली म्हणजे एक वाकडी वस्तू, बस्स. मला वाटलं, सुटले!

चौदा महिन्यांत ३८ किलो उतरले. शुगरच्या गोळ्या बंद झाल्या. माहेरी गेले असताना अजिंक्यताऱ्यावर न थांबता चढून गेले आणि वर जाऊन चक्क रडले.

आणि मग ती परत आली.

भूक नव्हे. भुकेशी माझं भांडण नाही. मराठीत याला नेमका शब्द आहे, ‘खा-खा’. भूक पोटातून येते, हळूहळू येते, आणि तिला भाकरी-भाजी चालते. खा-खा डोक्यातून येते, एकदम येते, आणि तिला जे हवं असतं तेच हवं असतं. तिला शेवच हवी असते, तीही तिखट, बारीक. ऑपरेशनने पोट आवरलं, पण डोकं कुठे कापलं होतं? सत्तेचाळीस वर्षं ज्या डोक्याने दुःखात भजी आणि आनंदात जिलबी मागितली, ते जागच्या जागी होतं.

या लहान पोटाची एक लबाडी मला उशिरा कळली. ज्वारीची भाकरी, उसळ, पनीर, अंडं असलं काही खाल्लं की चार-पाच घासांत पोट ‘बास’ म्हणतं. पण जे तोंडात विरघळतं ते नळीतून सरळ सरकून जातं. चहात बुडवलेलं बिस्किट, वेफर्स, शेव, आइस्क्रीम, श्रीखंड. पोट निषेध नोंदवतच नाही. म्हणजे जे खाऊ नये नेमकं त्यालाच दार सताड उघडं. बायपास केलेल्या माझ्या एका मैत्रिणीचं वेगळं. तिने गोड जरा जास्त खाल्लं की अर्ध्या तासात दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळा. याला ‘डंपिंग’ म्हणतात. एका होळीला पुरणपोळी खाऊन ती तासभर आडवी पडून होती. मला असला चौकीदार मिळाला नाही. स्लीव्हवाल्यांनाही कधीकधी होतं म्हणतात, पण श्रीखंड मला बिनतक्रार पचतं. दुर्दैव, दुसरं काय!

सगळीच खा-खा मात्र मनाची नसते, हेही सांगायला हवं. ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षी मला बर्फाचं वेड लागलं. ऑफिसात, घरी, कडाकडा बर्फ चावत बसायचे. लेक म्हणायची, आई, दात पडतील. मी म्हणायचे, बर्फच आहे ना, कॅलरी शून्य! तपासणीत लोह पार तळाला गेलेलं निघालं. लोह कमी झालं की काही माणसांना बर्फ, माती, खडू असलं खावंसं वाटतं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत बर्फाची आठवणही येईना. तेव्हा ज्यांनी ऑपरेशन केलंय त्यांनी लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांच्या तपासण्या आणि गोळ्या जन्मभर चुकवू नयेत. तलफ वाटते ती कधीकधी शरीराची चिठ्ठी असते.

आणि काही तलफा शरीराच्याही नसतात, जिभेच्याही नसतात. माझे बाबा एसटीत होते. ड्यूटी संपवून रात्री घरी यायचे तेव्हा पगाराच्या दिवशी हातात कंदी पेढ्यांचा पुडा असायचा. आम्ही झोपलेलो असलो तरी उठवून एकेक पेढा हातावर ठेवायचे. बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. मला रात्री साडेअकरानंतरच गोड का लागतं, हे आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं तेव्हा मी ‘सवय’ एवढंच म्हणाले. घरी येताना रिक्षात उलगडा झाला. त्या वेळी मला पेढा नको असतो. कोणीतरी झोपेतून उठवून आपल्याला काही द्यावं, असं वाटत असतं. आता ते श्रीखंडाच्या डब्यात कुठून सापडणार?

असो.

मुद्द्यावर येते. गेल्या दीड वर्षात माझं वजन ७४ वरून ८२ झालं आहे. आठ किलो. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. ऑपरेशननंतर काही वर्षांनी थोडं वजन परत चढणं ही नवलाईची गोष्ट नाही, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पण हे आठ किलो कुठून आले ते मला पक्कं माहीत आहे. ते जेवणाच्या टेबलावरून आलेले नाहीत. ते अंधारातून आलेत.

माझं मत असं, की खा-खा माणसाला जाड करत नाही. लपवणं करतं. चारचौघांत एक लाडू खाल्ला तर तो एक लाडू असतो. चोरून खाल्लेला मोजला जात नाही, चवीने खाल्ला जात नाही, म्हणून तो कधी संपतच नाही. त्या रात्री श्रीखंडाची चव मला लागली का? आठवत नाही. फक्त कान दाराकडे होते एवढं आठवतंय.

आणि लपवायला कोण लावतं? थोडी मी स्वतः, आणि थोडे आपण सगळे. आपल्याकडे जाड माणसाला दोन प्रकारची माणसं भेटतात आणि पुष्कळदा ती एकच असतात. पंगतीत म्हणतात, ‘एवढंसं काय खातेस, आमच्या हातचं गोड लागत नाही का?’ आणि तीच हात धुताना म्हणतात, ‘ऑपरेशन करूनही जिलबी सुटली नाही हो हिची!’ आग्रहही तुमचा आणि टोमणाही तुमचा. मधे सापडलेली बाई मग सगळ्यांसमोर ‘नको’ म्हणते आणि रात्री फ्रिज उघडते. माझा कोणावर राग नाही. मीही वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पानात पोळ्या टाकल्या आहेत. पण आता या बाजूला बसल्यावर कळतंय.

‘मनावर ताबा हवा’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. वजन कमी करायची सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड वगैरे इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्याकडे आली. ती घेणारे अनेक जण सांगतात, की डोक्यातली खाण्याची बडबड एकाएकी बंद झाली. आणि औषध थांबवल्यावर बऱ्याच जणांची ती परत सुरूही होते. दर आठवड्याच्या एका सुईने जी गोष्ट थांबते आणि सुई थांबली की सुरू होते, तिला तुम्ही चारित्र्यातला दोष कसा म्हणाल? ज्यांच्या डोक्यात ती बडबड कधी नव्हतीच त्यांनी संयमाचे धडे देऊ नयेत. ज्याला तहान लागत नाही त्याने उपास सोपा आहे म्हणू नये, तसं.

मग काय, ‘माझा इलाज नाही’ म्हणून खात सुटायचं? नाही. दोष माझा नसला तरी काम माझंच आहे. त्या रात्रीनंतर मी पुन्हा आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. आठ किलो लपवत सहा महिने टाळलेली अपॉइंटमेंट. त्या रागावल्या नाहीत, वही काढली. सध्या जे करते ते साधंच आहे. आधी प्रथिनं, दिवसाला साठ ग्रॅम तरी, म्हणजे डाळ, पनीर, अंडं, दही आधी पोटात, बाकीचं नंतर. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्धा तास सोडून. खा-खा सुटली की आधी स्वतःला विचारायचं, आत्ता भाकरी-पिठलं चालेल का? चालेल, तर ती भूक, जेवून घ्यायचं. नाही चालणार, तर वहीत वेळ लिहायची आणि वीस मिनिटं दुसरं काहीतरी करायचं. पुष्कळदा लाट ओसरते. दर वेळी ओसरत नाही, खोटं कशाला सांगू! नाही ओसरली तर खायचं. पण वाटीत काढून, दोन चमचे, खाली बसून, आणि दिवा लावून.

हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. पहिल्या दिवशी नवऱ्यासमोर बसून दोन चमचे श्रीखंड खाताना हात थरथरत होता. लग्नाला बावीस वर्षं झालीत! आठ किलोंचंही त्याला तेव्हाच सांगितलं. त्याने फक्त विचारलं, ‘मग त्या रात्री मी काय बोलायला हवं होतं?’ मला उत्तर देता आलं नाही. बराच वेळ विचार करून म्हटलं, ‘वाटी आणून द्यायची.’

गणपती जवळ आलेत. यंदा सगळे आमच्याकडे जमणार आहात, म्हणून हे आधीच लिहून ठेवते. माझ्या पानात एक उकडीचा मोदक वाढा, वर साजूक तूप घाला. तो मी सगळ्यांच्या देखत, चावून चावून, पंधरा मिनिटं खाणार आहे. दुसरा वाढू नका. आणि पहिल्याकडे बघून डोळे मोठे करू नका.