सुधारणा आवश्यक

१ मेला झेंडावंदन उरकलं की शाळेत प्रगतिपुस्तकं वाटतात. यंदा भाचीचं आणायला मी गेले. चौथी. मराठी अ-२, गणित ब-१. खाली नोंद: 'शालेय उपक्रमांत आनंदाने सहभागी होते.' शेजारच्या मुलाचं सहज पाहिलं. तोही आनंदाने सहभागी होतो. त्याच्या पलीकडचाही.

हसू आलं, पण या पापात माझाही वाटा आहे. मी एकवीस वर्षं प्राथमिकला बाई होते. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा ते मनापासून पटलं होतं. तिसरी-चौथीला आकारिकचे ६० गुण, संकलितचे ४०. म्हणजे सत्राअखेरच्या पेपराहून वर्षभराच्या बोलण्या-करण्याला वजन जास्त. शिवाय प्रत्येक मुलाबद्दल, प्रत्येक विषयात दोन ओळी लिहायच्या. घोडं इथंच पेंड खातं. चाळीस मुलं, सात विषय, दोन सत्रं, करा गुणाकार. मग बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, पुढं मोबाइलवर पीडीएफ फिरू लागल्या. रात्री भांडी घासून झाल्यावर मीही त्यातली वाक्यं उतरवली आहेत. साहेब तपासणीला आले की रकाना भरलाय का एवढंच बघत. कशानं भरलाय, हे कुणी कधी विचारलं नाही.

पालकांचा प्रश्न वेगळाच असायचा. "बाई, ते अ-ब राहू द्या, पोरगं वाचतंय का सांगा." एक मुलगा वर्गात तोंड उघडत नसे, पण बापाच्या टपरीवरची उधारी तोंडी सांगायचा. ते मी त्याच्या बापाला शाळेच्या ओट्यावर सांगितलं. प्रगतिपुस्तकात मात्र 'उदाहरणे अचूक सोडवतो' एवढंच गेलं.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक येतंय. त्यात मूल स्वतःबद्दल सांगणार, सोबती सांगणार, घरचेही. रकाने वाढणार म्हणून पोटात गोळा येतो. तरी मुलानं स्वतः सांगायचा रकाना मला हवाच आहे.

घरी येताना भाचीच्या 'सुधारणा आवश्यक'खालची ओळ वाचली: 'फळ्यावरील मजकूर उतरवताना चुका करते.' ओळखीची. त्याच पुस्तिकेतली.

"तुला लिहायला दिलं असतं, तर तू काय लिहिलं असतंस गं?"

"मागून फळा दिसत नाही, असं," ती म्हणाली. "आत्या, सगळ्यांनाच दिसत नाही ना?"