सहलीत जेवावे कोठे?

वर्धा जिल्ह्यातील आमचे जाम हे रहदारीचे गाव आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग येथून जातो आणि चंद्रपूरचा रस्ता येथेच फुटतो. सहलीला निघालेली कुटुंबे चौकात थांबतात. "जेवायचे कोठे?" यावर त्यांची चर्चा चाललेली असते.

मनोरंजन उद्यानात हा प्रश्न अधिक अवघड होतो. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकासारख्या उद्यानाचे तिकीटच महाग असते. अशा ठिकाणी घरचा डबा बहुधा आत नेऊ देत नाहीत. मुले चकचकीत पाटी पाहून हट्ट धरतात. अब्बा खिसा चाचपतात. अम्मी हळूच म्हणते, "मला भूक नाही." तिला खरोखरच भूक नसते का? विचार करा.

माझे मत असे आहे की, ज्याची अडचण सर्वांत मोठी, त्याच्याकडे पाहून जेवणाची जागा निवडावी. दादीला मधुमेह असेल, तर तिची जेवणाची वेळ चुकता कामा नये. कोणाला हलाल जेवण हवे असते, कोणाला शाकाहारी. ते आधीच विचारावे. बसण्यापूर्वी दरपत्रक वाचावे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे मिळालेला १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला आहे का, तेही पाहावे.

तुम्ही म्हणाल, "सहल काय रोज असते? एक दिवस मनासारखे खाऊ द्या!" जरूर खा. पण आधी सर्वांचे जेवण होऊ द्या, मग आइस्क्रीम मागा. आणि पहिला घास घेण्यापूर्वी अम्मीसमोर ताट आले आहे का, तेवढे बघा.