हेल्परच्या हातात टॉर्च देता, मग मॅन्युअल का नाही?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतला एकोणीस वर्षांचा एक मुलगा हात भाजून घरी आला. औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये तो हेल्पर होता. प्लाझ्मा कटिंग मशीन चालू ठेवूनच तो टॉर्चचे नोझल बदलत होता. बटण दाबले गेले. शेठने मलमपट्टीचे पैसे दिले आणि वर ऐकवले, "पोरगं बेफिकीर आहे." घरच्यांनीही मान खाली घालून ते मान्य केले. आम्ही मान्य करत नाही.

आम्ही शेडमध्ये जाऊन पाहिले. टॉर्चची कॅप काढली की मशीन सुरूच होऊ नये, अशी सोय टॉर्चमध्ये केलेली असते. ती सारखी मशीन बंद पाडते म्हणून तिथे तारेचा तुकडा जोडून निकामी केली होती. तार मुलाने जोडली नव्हती. तिचा अर्थ त्याला कुणी सांगितलाही नव्हता. मग बेफिकीर कोण?

आमच्या पाहण्यातल्या बहुतेक शेडमध्ये कामाची वाटणी ठरलेली असते. ड्रॉइंग वाचणारा वेगळा, मशीन चालवणारा वेगळा. आणि टेबलाखालचा स्लॅग काढणे, कॉम्प्रेसरचे पाणी सोडणे, धूळ झाडणे, नोझल बदलणे, म्हणजे ज्याला इंग्रजीत मेंटेनन्स म्हणतात ते सगळे, सर्वांत कमी पगाराच्या पोराकडे. साफसफाई म्हणजे हलके काम, त्याला शिक्षण कशाला, ही समजूत कुठून आली हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण याच कामात माणूस मशीनच्या सर्वांत जवळ जातो, झाकणे उघडतो, आतल्या भागांना हात लावतो. सर्वांत जास्त माहिती ज्याला हवी, त्यालाच ती मिळत नाही.

म्हणून ही माहिती आपल्या पोरांकडे असलीच पाहिजे.

पहिली गोष्ट विजेची. साध्या आर्क वेल्डिंगवर हात बसलेली मुले प्लाझ्मालाही तसेच समजतात. वेल्डिंग मशीनचे ओपन सर्किट व्होल्टेज सहसा 80 च्या आसपास असते. प्लाझ्माचे डीसी व्होल्टेज 200 च्या वर, कित्येक मशीनमध्ये 300 च्या घरात जाते. वेल्डिंगला चालून गेलेली हयगय इथे जीव घेऊ शकते. नोझल बदलण्यापूर्वी मशीन बंद करा. मशीनचे झाकण उघडायचे असेल तर मेन स्विच पाडा, त्याला कुलूप लावा आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवा. त्यानंतरही आतले कपॅसिटर काही वेळ भरलेलेच असतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबल्याशिवाय आत हात घालू नका.

शेडमध्ये जॉबला लावायच्या क्लॅम्पलाच 'अर्थिंग' म्हणतात. तो करंट परत नेणारा क्लॅम्प आहे. गंज आणि रंग खरवडून तो स्वच्छ धातूला लावावा. मशीनच्या बॉडीची जमिनीत उतरणारी अर्थिंग वेगळी, आणि क्लॅम्प लावला म्हणून ती झाली असे होत नाही.

दुसरी गोष्ट टॉर्चची. इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियमचा ठिपका असतो. तो जळून तिथे खड्डा पडतो. खड्डा साधारण दीड मिलिमीटर खोल झाला की इलेक्ट्रोड बदलावा, सोबत नोझलही. भोक लंबगोल झालेले नोझल तार घालून साफ करत बसू नये. कट तिरका जातो आणि टॉर्चही जळते. हवेत पाणी किंवा तेल आले की हे भाग लवकर जातात, म्हणून कॉम्प्रेसरच्या टाकीतले आणि फिल्टरमधले पाणी रोज सोडावे. नोझलचे पैसे वाचवणाऱ्या शेठला हा हिशोब समजतो, त्याच्याशी याच भाषेत बोला.

तिसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. स्टेनलेस स्टील कापताना निघणाऱ्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असते, ते कर्करोगकारक आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि मुले मलेरियाच्या गोळ्या घेत बसतात. क्लोरीन असलेल्या सॉल्व्हेंटने जॉब पुसून लगेच कापला तर आर्कच्या किरणांनी फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पाण्याच्या टेबलावर ॲल्युमिनियम कापले की हायड्रोजन साचून स्फोट होऊ शकतो. टेबल साफ करायला उतरणाऱ्या पोराला यातले काय सांगितलेले असते?

कायदा आहे ना, असे कुणी म्हणेल. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आठवड्याच्या कामाची मर्यादा 48 तासांवर आणण्याचा पाया त्या काळात घातला गेला. 1948 च्या कारखाना कायद्याने यंत्रांची झाकणे, डोळ्यांचे रक्षण, धूर बाहेर काढणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले. पण वीज वापरणारा कारखाना म्हणजे किमान 10 कामगार, अशी त्याची व्याख्या होती. 2020 च्या सुरक्षा संहितेने ही संख्या 20 केली. चार-पाच पोरांवर चालणारी शेड त्या व्याख्येत बसत नाही. कायदा डोकी मोजतो. 300 व्होल्टचा झटका मोजत नाही.

व्याख्या बदलण्यासाठी लढावे लागेल, आणि ते लढू. पण ती बदलेपर्यंत पोरे रोज शेडमध्ये जाणार आहेत. कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे: जयंतीची वर्गणी जमवताना वस्तीतली किती मुले फॅब्रिकेशनमध्ये आहेत याचीही यादी करा. विहारात रविवारी एक तास ठेवा. आयटीआय झालेल्या एखाद्या दादाला बोलवा. मशीनचे मॅन्युअल मागून आणा, इंग्रजीत असेल तर चार पाने मराठीत करून मशीनशेजारी चिकटवा. आणि तीन गोष्टी एकट्या मुलाने नव्हे, सगळ्यांनी मिळून मागा: मेन स्विचला कुलूप, धूर ओढणारा पंखा, आणि निकामी केलेली सुरक्षा पुन्हा चालू.

भाजलेला मुलगा आता दुसऱ्या शेडमध्ये जातो. पहिल्याच दिवशी त्याने टॉर्चमध्ये तार लावली आहे का ते पाहिले. होती. ती काढल्याशिवाय टॉर्च धरणार नाही, असे त्याने सांगितले. शेठ चिडला, पण तार निघाली.

तो आधीही बेफिकीर नव्हता. त्याला माहिती दिली गेली नव्हती, एवढेच.