मोडीत काय मिळेल?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट निलंगा-औसा भागातलं कुणी विसरलेलं नाही. त्या भूकंपात माझ्या सासूबाईंच्या माहेरचं माळवदाचं घर बसलं. ढिगारा उपसताना एक तांब्याची घागर निघाली, पार चेपलेली. ठोकून सरळ करून घेतली. आज ती आमच्या घरात पाण्यानं भरलेली असते.

परवा कपाट आवरताना मला पाच बंद मोबाईल सापडले. पाचही गेल्या दहा वर्षांतले.

एखादी वस्तू निसर्गाला कितीला पडते, हे शास्त्रज्ञ खाणीपासून उकिरड्यापर्यंतचा तिचा प्रवास तपासून ठरवतात. याला म्हणतात जीवनचक्र मूल्यमापन. खनिजांबाबत मात्र त्यांच्यात वाद आहे. जमिनीतून किती काढलं ते मोजायचं, की पुन्हा हाती येणार नाही असं किती विखुरलं ते?

मला दुसरा हिशेब पटतो. खाण डोंगर पोखरतेच, तांब्याचीही. म्हणून तर एकदा काढलेलं वाया जाऊ नये. घागर मोडीत घातली तरी वितळून नवं भांडं होतं. फोनमध्ये तांबं, सोनं, चांदी असते, पण चिमूटचिमूट. तो उकिरड्यावर गेला की सगळं मातीत गेलं.

परत मिळवता येतं, हे जपाननं दाखवलं. २०१७ ते २०१९ मध्ये लोकांनी दिलेल्या जुन्या फोन-उपकरणांतून टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं घडली. नुसतं सोनंच ३२ किलो निघालं!

आपल्याकडेही ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, "जुना फोन कुठं द्यायचा?" एकीलाही सांगता येईना. उघड्यावर तारा जाळून तांबं काढलं, तर तो विषारी धूर आपल्याच लेकरांच्या नाकात जातो.

येत्या संक्रांतीला वाण लुटताना घरोघरचे बंद फोन गोळा करायचे, असं आम्ही ठरवलंय. ते अधिकृत केंद्रापर्यंत पोचवायला नगरपरिषदेनं वर्षातला एक दिवस तरी नेमून द्यावा.

आणि मैत्रिणींनो, आपल्या आज्या भांडं घेताना विचारायच्या, "मोडीत काय मिळेल?" नवी वस्तू घेताना दुकानदाराला आपणही तेच विचारू या. त्याला उत्तर येईना, तर जुनीच दुरुस्त होते का, ते आधी बघू या.