जीपगाडीची उंच श्वासनळी

सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. तो पूर पाहिलेल्या बंधूंनी शेतावरील जीपगाडीस उंच श्वासनळी, म्हणजे स्नॉर्केल, बसवावी काय?

आमचे मत असे की, बसवावी. परंतु पुराच्या भरवशावर नव्हे. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते सिलिंडरात शिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो व इंजिन निकामी होते. उंच नळी हे संकट टाळते खरे. पण हवागाळणीच्या पेटीचे सांधे आणि निचऱ्याचे भोक बंद केले नसेल, तर टपापर्यंत नेलेली नळी केवळ शोभेची. दुकानदार नळी दाखवितो, सांधे दाखवीत नाही! आणि दोन फूट वाहते पाणी गाडीच लोटून नेते, तेथे नळी काय करणार?

माण, खटाव, आटपाडी, जत येथील बंधूंस मात्र आमचा आग्रह अधिक आहे. तिकडे पाण्याहून धूळ वैरी. चाकांनी उडविलेली धूळ खाली दाट असते, टपाजवळची हवा त्या मानाने निर्मळ. तेव्हा नळीच्या माथ्यावर, पुष्कळ ट्रॅक्टरांस असते तशी, हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारी वाटी घ्यावी. पुढे तोंड असलेले टोपण घेतलेच, तर मुसळधार पावसात ते मागे फिरवावे.

गाडी पाण्यात बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारू नये. आधी गाळणी उघडून पाहावी.