आवाज उतरविण्याची विद्या

पेण-रोह्याच्या पट्ट्यातील एका विशेष शाळेत, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा बाक ढकलून एकाएकी उठला, कानांवर हात दाबून किंचाळू लागला आणि त्याला धरावयास धावलेल्या शिपायावर त्याने पाण्याची बाटली भिरकावली, तेव्हा मी वर्गाच्या दाराशी उभा होतो. आणि पुढील दहा मिनिटांत त्याच्या बाईंनी जे केले ते पाहून, शाळा व शुश्रूषा या विषयांवर दर आठवड्यास लिहीत असूनही या विद्येविषयी आपण आजवर एक ओळही लिहिली नाही, याची मला मनापासून खंत वाटली.

बाईंनी शिपायाला मागे सरावयास सांगितले, इतर मुलांना ओसरीवर धाडले आणि स्वतः दोन हात अंतर राखून, दार अडणार नाही अशा बेताने, भिंतीकडेला जमिनीवर बसल्या. ‘शांत हो’ हे शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नाहीत. “आवाज फार झाला ना रे? पंखा बंद केलाय. मी इथेच बसलेय,” एवढेच त्या म्हणाल्या आणि मग पुष्कळ वेळ काहीच बोलल्या नाहीत. पंख्याचे पाते सकाळपासून खडखडत होते, हे आम्हां कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. श्वास जरा संथ झाल्यावर त्यांनी विचारले, “पाणी देऊ, की जांभळाखाली जाऊया?” मुलाने खिडकीबाहेरच्या जांभळाकडे बोट केले.

क्षुब्ध मनुष्याच्या कानी लांब वाक्ये पोहोचत नाहीत, चौघे एकदम बोलू लागले की तो घेरला गेल्यासारखा होतो, आणि त्याच्या ओरडण्यामागील वेदना, भूक, भय वा गोंगाट कोणी ओळखून दाखविला म्हणजे त्याची अर्धी झुंज तेथेच संपते. रुग्णालयातही हेच घडते. मुंबई-गोवा महामार्गावरील अपघातात सापडलेल्या मुलाला घेऊन मध्यरात्री आलेल्या बापाला तासभर कोणी एक शब्दही सांगितला नाही, तर त्याचा आवाज चढणारच. त्या वेळी हवी असते ती जवळ येऊन काय चालले आहे ते सांगणारी परिचारिका, आणि पुढे येतो तो काठी घेतलेला रखवालदार. डॉक्टरांवरील हल्ल्यास ३ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड ठरविणारा कायदा महाराष्ट्राने २०१० साली केला, तो आवश्यकच होता. परंतु कायद्याचा अंमल हात उचलला गेल्यावर सुरू होतो.

बळाच्या वापरावर तर कायद्याने स्पष्ट बंधन घातले आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम ९७ सांगते की तत्काळ इजा टाळण्याचा अन्य उपायच नसेल तेव्हाच रुग्णास जखडावे, शिक्षा म्हणून कदापि नव्हे, आणि केवळ नोकरवर्ग अपुरा आहे या सबबीवरही नव्हे. हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. मात्र काठी खाली ठेवल्यावर जिभेने काय करावे, हे शिपायाला, आयाबाईला, रखवालदाराला कोणी शिकवीत नाही. आणि प्रसंग प्रथम ओढवतो तो त्यांच्यावरच.

ज्या विनोबांच्या शब्दाखातर १९६० साली चंबळच्या खोऱ्यातील डाकूंनी बंदुका खाली ठेवल्या, ते याच पेण तालुक्यातील गागोद्याचे. ती शक्ती असामान्य होती हे खरे. परंतु जमिनीवर बसलेल्या त्या बाईंचे कौशल्य सरावाने येणारे आहे, आणि ते आपल्याला वर्षानुवर्षांच्या चुकांतून आले, कोणत्याही प्रशिक्षणातून नव्हे, असे त्यांनीच मला सांगितले.

म्हणून पेण व रोहा येथील गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या अधीक्षकांना माझी विनंती आहे की शाळा उघडण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस या तालमीसाठी राखून ठेवण्याची तजवीज करावी, आणि त्या दिवशी शिपाई व रखवालदार यांना पहिल्या रांगेत बसवावे.