शनिवारचा घाणा आणि आमची सहिष्णुता

उन्हाळ्याची सुटी लागली कीं मुंबईपुण्याकडील सुशिक्षित कुटुंबें कोकणची वाट धरतात. पेणला उतरून पोह्यांचे पापड घ्यावयाचे, गणपतीच्या मूर्तींचे कारखाने मुलांना दाखवावयाचे, रोह्यास कुंडलिकेच्या कांठीं घटकाभर विसावा घ्यावयाचा, असा हा क्रम ठरलेला असतो. अलीकडे या क्रमांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. गांवांतील इस्राएलांचें प्रार्थनामंदिर बाहेरून पाहावयाचें, त्याचें छायाचित्र घ्यावयाचें, आणि परततांना सोबतच्या मंडळींस अभिमानानें सांगावयाचें कीं, जगांत जेथें तेथें यहुद्यांचा छळ झाला, पण आमच्या भूमींत त्यांच्या केसासहि धक्का लागला नाहीं! हें वाक्य आम्ही इतक्यांदां ऐकलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर स्वतःहि इतक्यांदां उच्चारलें आहे, कीं त्याची एकदां नीट झाडाझडती घ्यावी असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

वाक्य खोटें नाहीं. बेने इस्राएल लोकहि तें कृतज्ञतेनें सांगत आले आहेत. पण दुसऱ्यानें कृतज्ञतेनें काढलेले उद्गार आपण फुशारकीनें पुन्हां उच्चारूं लागलों म्हणजे त्यांचा अर्थ बदलतो. शेजाऱ्याच्या घराला आग लावली नाहीं, हें कांहीं शेजारधर्माचें प्रमाणपत्र नव्हे. त्याच्या ओसरीवर आपण कधीं बसलों काय, त्याच्या सणाचें नांव आपणांस ठाऊक आहे काय, त्यानें लिहिलेलें पुस्तक आपण उघडलें काय, हे प्रश्न त्यापुढचे आहेत. आणि ते निघाले कीं आमची सहिष्णुता गप्प बसते.

हे लोक परके नव्हेत हें त्यांच्या आडनांवांवरूनच दिसतें. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगांवकर, दिवेकर, अष्टमकर हीं आडनांवें कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या, नकाशावरूनच उचललेलीं आहेत. त्यांची परंपरा सांगते कीं, फार पूर्वीं नवगांवच्या किनाऱ्यापाशीं एक गलबत फुटलें, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांपासून हा समाज वाढला. कोणत्या शतकांत हें घडलें याविषयीं पंडितांचा वाद आहे. तो आम्ही पंडितांकडेच सोंपवितों. मुंबईंतील इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं बांधणारे सॅम्युएल एझिकिएल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी या नांवानें ओळखले जात. पेणचें मंदिर १८६३ चें. मंदिराला हे लोक बोलण्यांत ‘मशीद’ म्हणत आले, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं.

आतां ज्या उन्हाळ्यांत आम्ही तेथें हवा खावयास जातों, त्या उन्हाळ्याकडे जरा या समाजाच्या दृष्टीनें पाहूं. कोकणांत उन्हाळा हा विश्रांतीचा काळ नव्हे. मृगापूर्वीं सारें उरकावयाचें असतें. खाडीकांठच्या मिठागरांतून मीठ उचलावयाचें, लांकूडफांटा भरावयाचा, घर शाकारावयाचें, पापड-कुरडया वाळवावयाच्या, लग्नें लावावयाचीं. चार महिने पुरेल एवढें ऊन या दोन-अडीच महिन्यांत गोळा करावयाचें असतें. अशा दिवसांत जो मनुष्य दर सातव्या दिवशीं हात आवरून बसतो, तो उन्हाचा सातवा हिस्सा सोडून देतो. बेने इस्राएलांचा कोकणांतील मुख्य धंदा तेल गाळण्याचा. शुक्रवारीं सूर्य मावळला कीं त्यांचा घाणा थांबे, तो शनिवारीं रात्र पडेपर्यंत. गिऱ्हाईक दाराशीं येऊन परत गेलें तरी थांबे. शब्बाथच्या आज्ञेंत घरधन्याबरोबर चाकरालाहि विसावा सांगितला आहे आणि जनावरालाहि. त्यामुळें वैशाखाच्या उन्हांत त्या दिवशीं बैलाच्या मानेवरचें जूंहि उतरे. विस्तव पेटवावयाचा नाहीं, म्हणून शनिवारचें अन्न शुक्रवारींच रांधावयाचें. आणि वैशाखांत आदल्या दिवशींचें अन्न दुसऱ्या दुपारपर्यंत टिकविणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. श्रद्धा ही अशा ठिकाणीं मोजावयाची असते. ग्रंथ दूर राहिले, धर्मगुरु उरले नाहींत, हिब्रू प्रार्थनांपैकीं ‘शेमा’ तेवढा ओठांवर राहिला, अशा काळांतहि घाणा शनिवारीं फिरला नाहीं.

आणि आम्हीं, म्हणजे त्यांच्या शेजाऱ्यांनीं, यावरून काय शिकून घेतलें? एक नांव! सोमवारीं घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि हे शनिवार तेली. पिढ्यान् पिढ्या जी व्रतनिष्ठा डोळ्यांसमोर चालली होती, तिला आम्हीं जातीच्या उतरंडीवरील एका पायरीचें नांव देऊन टाकलें. त्या नांवांत जो हिणकस सूर मिसळला, तो या समाजाला बोंचला, आणि आपणांस बेने इस्राएल म्हणावें असा त्यांनीं आग्रह धरला, यांत नवल तें काय? शनिवारीं काम नाहीं एवढें आम्हांस दिसलें. कां नाहीं, हें विचारण्याची जिज्ञासा झाली नाहीं.

उन्हाळ्याचा आरंभच त्यांच्याकडे एका मोठ्या व्रतानें होतो. वल्हांडणाच्या आठवड्यांत घरांत खमीर ठेवावयाचें नाहीं. कोकणांतल्या तांदुळाच्या भाकरीला खमीर कुठून येणार? तरी या लोकांच्या जुन्या बोलींत त्या सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ असें नांव होतें. अनास म्हणजे आंबट कालवणाचें भांडें, तें त्या दिवसांत झांकून ठेवावयाचें. मिसर देशांतून घाईनें निघालेल्या लोकांची आठवण कोकणच्या स्वयंपाकघरांत एका झांकलेल्या भांड्याच्या रूपानें जिवंत राहिली! या सणाचा विधिग्रंथ मराठीसह मुंबईंत १८४६ सालीं शिळाछापावर निघाला. पुण्यांत १८७४ सालीं निघालेल्या आवृत्तींत तर लुगडीं नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करतांनाचीं चित्रें आहेत. सणाच्या दुसऱ्या दिवसापासून एकूणपन्नास दिवस मोजावयाचे आणि पन्नासाव्या दिवशीं सिनाय पर्वतावर मिळालेल्या नियमशास्त्राचा उत्सव करावयाचा. ही मोजणी चैत्र-वैशाखांतून निघून मृगाच्या आसपास येऊन पोंचते. आम्ही पावसाची वाट पाहत आकाशाकडे बघत असतों, त्याच दिवसांत आमच्या आळींतील एक घर रोज रात्रीं एकेक दिवस मोजीत असतें. हें आमच्यांतील कितीजणांस ठाऊक आहे?

येथें आमचे कांहीं मित्र म्हणतील, “हे सारें खरें असलें तरी त्यांच्या चालीरीति अखेर आमच्याच. एलियाहू हन्नाबीला ते पोहे, गूळ, खोबरें आणि फळें यांचा मलिदा करतात, नवस बोलतात, लग्नांत वधूला मेंदी लावतात, वालाचें बिरडें खातात. मग वेगळेपण तें कोणतें?” हा युक्तिवाद वरून प्रेमळ दिसतो, पण त्याच्या पोटांत शेजाऱ्याची ओळख पुसून टाकण्याची घाई आहे. मलिद्याचे पोहे कोकणचे हें खरें. पण ते ज्या संदेष्ट्याच्या नांवानें वाटले जातात तो कोकणचा नव्हे, आणि त्यावर म्हटली जाणारी प्रार्थना हिब्रू आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गांवीं खडकावर जी खूण दाखवितात, ती त्याच्या स्वर्गारोहणाची म्हणून. बिरड्याचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. जेरुसलेमचें मंदिर उध्वस्त झालें त्या दुःखाच्या उपासाला हे लोक ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत आले. आमच्या घरीं जें बिरडें श्रावणांतल्या चवीचें पक्वान्न, तें त्यांच्या घरीं शोकाच्या दिवसाचें अन्न. एकाच वालाला दोन घरांत दोन अर्थ असतात, हें ज्याला समजलें त्यालाच शेजारी समजला. शब्बाथच्या द्राक्षरसासाठीं ते काळ्या मनुका भिजवून सरबत करतात. मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियम पाळावयाचा म्हणून कालवणांत नारळाचें दूध घालतात. समुद्राकांठीं राहूनहि नियमशील घर कोळंबी, जवळा, खेकडा यांना शिवत नाहीं. रहाबी नांवाच्या यहुदी पंडितानें या लोकांची परीक्षा घेतली ती माशांवरूनच, अशी त्यांची आख्यायिका आहे: स्त्रियांनीं खवल्यांचे मासे तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. शास्त्री हरपला तरी शास्त्र चुलीपाशीं शाबूत राहिलें, असा त्या आख्यायिकेचा अर्थ.

उलट बाजूनें त्यांच्याच धर्मबंधूंनीं त्यांस वेगळाच काच लावला. इस्राएल राष्ट्र १९४८ सालीं स्थापन झाल्यावर हे लोक तेथें मोठ्या संख्येनें गेले. तेथें १९६२ च्या सुमारास धर्मपीठानें त्यांच्या विवाहांसाठीं पूर्वजांच्या शुद्धतेची चौकशी आरंभिली. या लोकांनीं जेरुसलेममध्यें निदर्शनें केलीं, आणि १९६४ सालीं त्या भेदभावाला माघार घ्यावी लागली. येथले म्हणत, तुम्ही आमचेच. तेथले म्हणाले, तुम्ही आमचे खरे कीं नाहीं हें तपासावें लागेल. दोघांचीहि चूक एकच. ज्यानें शनिवारीं घाणा थांबविला त्याला कोणीच विचारलें नाहीं.

आमचा खरा राग मात्र याहून जवळच्या गोष्टीवर आहे, आणि ती गोष्ट म्हणजे मराठी भाषा. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत प्रसिद्ध केलें. मिशनरींचा हेतु धर्मांतराचा होता. या लोकांनीं शिक्षण घेतलें आणि धर्म मात्र आपलाच ठेवला. पुढें जोसेफ एझिकिएल राजपूरकर यांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठींत आणिले. १८८० च्या सुमारास या समाजांत मराठी कीर्तनें होऊं लागलीं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें ओवी-साकीच्या चालींवर रंगूं लागलीं, आणि तीं रचणाऱ्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचें नांव पुढें आहे. अष्टमी म्हणजे रोह्याच्या शेजारचें तें गांव. कुंडलिकेच्या कांठीं विसांवतांना आमच्या नजरेसमोर असतें तें! हैम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८७५ सालीं मुंबईंत समाजासाठीं शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या पश्चात् १९३७ सालीं छापला गेला. इतकेंच नव्हे, इस्राएलांत स्थायिक झाल्यावरहि या लोकांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. आमच्याच मुलांना आम्ही मराठी शाळांतून काढीत असतां, दूर देशांत कोणी मराठीला मायबोली म्हणत होतें.

वाचकहो, आपल्या कपाटाकडे एकदां पाहा. ख्रिस्ती कवींपैकीं रेव्हरंड टिळक तेथें असतील, आणि असावेतच. शेख महंमदाचें नांव आपण ऐकलें असेल. पण हें मराठी आपल्या घरांत कोठें आहे? आमच्या कपाटांत तर नव्हतें. ज्या साहित्याला आपण ‘आमचें’ म्हणतों, त्यांत ज्या शेजाऱ्याचें एकहि पान नाहीं, त्याला आपण सहन केलें एवढेंच म्हणतां येईल. आपलें म्हटलें असें म्हणतां येणार नाहीं.

शेवटचा आक्षेप असा कीं, “ते निघून गेले, आतां आमचें देणें कसलें?” जाणें हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग होता, त्यांस कोणीं हांकलून लाविलें नाहीं, हें आम्ही मान्य करतों. पण सारे गेले नाहींत. मुंबई, ठाणें आणि रायगड या भागांत हा समाज आजहि आहे, थोडा पण आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुद्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली ती कांहीं रिकाम्या भिंतींना नव्हे. सार्वजनिक उपासनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ असले तर नियमशास्त्राची गुंडाळी कपाटांतून काढून वाचतां येत नाहीं. लहान गांवांत हा दहावा मनुष्य मिळणें हाच खरा प्रश्न, आणि उन्हाळ्याच्या सुटींत मुंबई-ठाण्याहून मुलें-नातवंडें जुन्या घरीं येतात तेव्हां तो प्रश्न कांहीं दिवसांपुरता सुटतो. आम्ही ज्या मोसमांत छायाचित्रें घ्यावयास जातों, त्याच मोसमांत तेथें कोणी माणसें मोजीत असतें. दहावा मनुष्य आम्ही होऊं शकत नाहीं. तसा आव आणणें हा उद्धटपणा होईल. पण त्या मोजणीच्या वेळीं दारांत गर्दी करून फोटो न काढणें आमच्या हातीं आहे. शनिवारीं तेथें जाऊन दार उघडण्याचा हट्ट न धरणें आमच्या हातीं आहे. कोणीं बोलावलें तर टोपी घालून मागें शांत बसणें आमच्या हातीं आहे.

याहून मोठें काम ग्रंथालयांचें आणि संपादकांचें. हीं कीर्तनें, हे अनुवाद, जुन्या घरांच्या फडताळांत पडलेलीं हीं पुस्तकें कोकणच्या दमट हवेंत फार काळ टिकणार नाहींत. प्रत्येक पावसाळा त्यांतलीं कांहीं पानें घेऊन जातो. जीं वांचलीं असतील तीं घरच्या लोकांची परवानगी घेऊन उतरवून घ्यावींत, छापावींत, शिकवावींत. हा उपकार नव्हे. आपल्याच भाषेची ठेव सांभाळणें आहे.

तोंवर एक पथ्य पाळावें अशी आमची सूचना आहे. पुढच्या उन्हाळ्यांत पेणच्या रस्त्यावर ‘आमच्या देशांत त्यांना कधीं त्रास झाला नाहीं’ हें वाक्य ओठांवर आलें, तर तें उच्चारण्यापूर्वीं त्या वाक्यांतील ‘त्यांना’ म्हणजे कोणाला, हें सोबतच्या मुलांना सांगावें. त्यांच्या एका सणाचें, एका पुस्तकाचें, एका माणसाचें नांव घेऊन सांगावें. तें सांगतां आलें नाहीं, तर त्या दिवसापुरतें तें वाक्य बोलूं नये.